बसालेलाचा वारसा : घरच्या कार्यशाळेतील हस्तकला व रंगीत काचकाम

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-१८, ३५:२० ते ३६:७, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झालेला मनुष्य असे पवित्र शास्त्रात नाव घेऊन प्रथम कोणाविषयी सांगितले आहे, हा प्रश्न एखाद्या शास्त्राभ्यासवर्गात विचारून पाहा. कोणी मोशेचे नाव घेईल, कोणी एलीयाचे, कोणी थेट पेत्राचे. खरे उत्तर मात्र निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. तो मनुष्य भविष्यवादी नव्हता, याजक नव्हता, राजाही नव्हता. तो कारागीर होता. त्याचे नाव बसालेल. सोने, रुपे व पितळ घडवणे, कोंदणात बसवण्यासाठी रत्नांना पैलू पाडणे, लाकडाचे कोरीव काम करणे, यांसाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले. त्याच्याही आधी, अठ्ठाविसाव्या अध्यायात, ज्यांना ज्ञानाच्या आत्म्याने भरले असे म्हटले आहे ते अहरोनाची वस्त्रे शिवणारे लोक होते. म्हणजे तेही हाताने काम करणारेच.

आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून भगिनी भरतकाम व क्रोशाचे विणकाम करतात, कोणी मेणबत्त्या ओततात, कोणी नाताळचे तारे व शुभेच्छापत्रे करतात. अलीकडे काही जण घरातील एका खोलीत किंवा गॅलरीत छोटी कार्यशाळा थाटून रंगीत काचेची कामेही करू लागले आहेत. ह्या कामाकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहावे, पोटापाण्याचा धंदा म्हणून पाहावे, की देवाची सेवा म्हणून? प्रस्तुत पाठात आपण ह्या प्रश्नाचा शास्त्राच्या प्रकाशात विचार करू. त्याबरोबरच काचकामाची रीत, त्यातील धोके आणि त्याची योग्य मजुरी हेही पाहू. कारण बसालेलाला मिळालेल्या देणग्यांत ज्ञान आणि समज यांच्या जोडीला प्रत्यक्ष हातोटीही होती.

१. हाताचे काम हलके नाही

आपल्या देशात हाताच्या कामाला शतकानुशतके जन्माशी जखडून टाकले गेले. चामडे, माती, धाग, लोखंड यांना स्पर्श करणारे हात खालचे आणि पोथीला स्पर्श करणारे हात वरचे, अशी ही उतरंड होती. सुवार्ता ऐकून मंडळीत आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी अनेक जण ह्याच कारागीर व कष्टकरी समाजांतून आले. पुढे शिक्षण मिळाले, नोकऱ्या मिळाल्या, ही देवाची कृपाच होय. परंतु त्याबरोबर एक खंतही मनात घर करून राहिली. मुलाने हत्यार हाती धरले म्हणजे घराणे मागे गेले, असे आजही कित्येक आईबापांना वाटते.

देवाचे वचन ह्या उतरंडीला मान्यता देत नाही. बसालेल यहूदा वंशातील होता आणि त्याचा सहकारी अहलियाब दान वंशातील. ज्या वंशातून पुढे दावीद राजा आला तो वंश आणि अरण्यातील वाटचालीत सर्वांच्या मागून चालणारा वंश, असे दोघे एकाच कामाला लागले. निर्गम ३५:३४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. देवाने ह्या दोघांना इतरांस शिकवण्याची बुद्धीही दिली. आपली विद्या घराण्यात कोंडून ठेवण्यासाठी ती त्यांना दिलेली नव्हती. आपला प्रभू स्वतः सुतार म्हणून ओळखला जात असे आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या गावचे लोक अडखळले (मार्क ६:३). प्रेषित पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण तिघांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा (प्रे. कृत्ये १८:३). तेथे घर, कार्यशाळा आणि सुवार्तेचे काम ही सर्व एकाच छपराखाली चालत होती.

आपल्या देशातील मंडळीचा इतिहासही हेच सांगतो. बासेल मिशनचे कार्य १८३४ मध्ये मंगळूर येथे सुरू झाले. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांच्या उपजीविकेची साधने तुटली त्यांच्यासाठी ह्या मिशनने विणकामाचे माग उभारले व १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. कोकणातील व गोव्यातील अनेक घरांना ठाऊक असलेली मंगळुरी कौले त्याच परंपरेतली. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना विणकाम व छपाई शिकवली. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई त्याच स्त्रियांच्या हातांनी झाली. हाताच्या कामाने माणसाला भाकर मिळाली, तशीच मानाने उभे राहण्याची जागाही मिळाली.

२. काच आणि प्रकाश

रंगीत काचेच्या खिडक्यांची कला युरोपातील मंडळीत वाढली. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील संदेष्ट्यांच्या खिडक्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या आहेत. फ्रान्समधील शार्त्र येथील मंदिर ११९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले आणि तेराव्या शतकातील त्याच्या बऱ्याच खिडक्या आजही शाबूत आहेत. त्या खिडक्यांत संतांच्या व शास्त्रातील कथांच्या खालच्या भागात भाकरी भाजणारे, जोडे शिवणारे, लाकूड तासणारे कारागीर आपापल्या कामात गर्क असलेले दाखवले आहेत. म्हणजे मंदिराच्या प्रकाशात कष्टकऱ्यांनाही जागा मिळाली.

काचेला रंग येतो तो बहुधा धातूंच्या क्षारांमुळे. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळले म्हणजे निळा, मँगनीजने जांभळा, लोखंडाने हिरवट, तर तांब्याने रीतीप्रमाणे हिरवा किंवा लाल रंग येतो. चेहऱ्याच्या रेषा व वस्त्रांच्या चुण्या काळ्या-तपकिरी रंगाने रंगवून काच भट्टीत सुमारे साडेसहाशे अंश सेल्सियसला भाजतात, म्हणजे रंग काचेशी एकजीव होतो. चौदाव्या शतकापासून चांदीच्या क्षाराने काचेला पिवळी झाक देण्याची रीतही प्रचारात आली.

भारतात अशा खिडक्या पाहायला फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या कुलाबा भागातील सेंट जॉन्स चर्च, ज्याला लोक अफगाण चर्च म्हणतात, १८५८ मध्ये समर्पित झाले. त्याच्या खिडक्यांची काच इंग्लंडातील विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेतील आहे. कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील पश्चिमेकडील खिडकी १८८० ची असून तिचा आराखडा एडवर्ड बर्न-जोन्स यांचा आहे. सिमल्याच्या क्राइस्ट चर्चमधील वेदीमागच्या खिडकीभोवतीचे भित्तिचित्र लॉकवुड किपलिंग यांनी रेखाटले. तेलंगणातील मेदक कॅथीड्रल १९२४ च्या नाताळच्या दिवशी समर्पित झाले. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना ते बांधण्याच्या कामातून अन्न मिळाले होते. तेथील तीन भव्य खिडक्यांत प्रभूचे स्वर्गारोहण, जन्म व वधस्तंभ हे प्रसंग दिसतात.

येथे एक शंका येते. दुसऱ्या आज्ञेत कोरीव मूर्तीस मनाई आहे, मग मंदिरात चित्रे कशी चालतील? ही शंका जुनीच आहे. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवाशांनी आपल्या मंदिरांत रंगीत काच वर्ज्य करून साध्या पांढऱ्या काचेची नक्षी पत्करली. इंग्लंडात १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग ह्याने चर्चमागून चर्च फिरून खिडक्या फोडवल्या. शास्त्र काय म्हणते? निर्गम ३१ मध्ये बसालेलाला पाचारण होते आणि लगेच ३२ व्या अध्यायात अहरोन सोन्याचे वासरू घडवतो. सोने तेच, हत्यारे तीच, हातोटीही तशीच. भेद आहे तो हेतूत. निवासमंडपातील काम देवाने सांगितले म्हणून आणि त्याच्या उपासनेच्या सोयीसाठी झाले. वासरू मात्र देवाची जागा घेण्यासाठी उभे राहिले. तेव्हा आपल्या कामाविषयी विचारायचा प्रश्न असा : हे पाहणाऱ्याचे मन देवाकडे वळवते, की स्वतःवरच खिळवून ठेवते? खिडकीच्या तळाशी चित्रापेक्षा देणगीदाराचे नाव अधिक ठळक असेल तर वासरू फार दूर नाही, असे समजावे.

३. पहिला धडा : नऊ तुकड्यांचा क्रूस

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवशिक्यासाठी तांब्याच्या पट्टीची रीत सोपी असते. अठरा सेंटिमीटर रुंद व सव्वीस सेंटिमीटर उंच अशा छोट्या फलकावर क्रूस करावयाचा आहे, असे समजा.

आराखडा : कागदावर पूर्ण मापाने चित्र काढा. क्रूसाच्या पट्ट्यांची रुंदी चार सेंटिमीटर धरा. मध्यभागी ४ × ४ चा चौकोन येईल, वर ४ × ६ चा, खाली ४ × १६ चा आणि दोन्ही बाजूंना ७ × ४ चे तुकडे येतील. हे पाच तुकडे मिळून क्रूस झाला. उरलेल्या चार कोपऱ्यांत वर ७ × ६ चे दोन व खाली ७ × १६ चे दोन असे तुकडे बसतील. प्रत्येकाला क्रमांक द्या. तांब्याची पट्टी व डाख यांना जागा लागते, म्हणून प्रत्येक तुकडा सर्व बाजूंनी किंचित, सुमारे अर्धा मिलिमीटर, लहान कापावा.

क्रूस एकाच अखंड तुकड्यातून का कापू नये, असे आपण विचाराल. काचेचा स्वभावच तसा आहे. काच रेषेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडकते. आत वळणारा काटकोन तिला मानवत नाही, त्या कोपऱ्यातून तडा पुढे पळतो आणि तुकडा वाया जातो. म्हणून काचेतला क्रूस निराळे तुकडे जोडूनच करतात. आराखडा करणाऱ्याने काचेचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.

कापणे : यासाठी ग्लास कटर वापरतात. त्याच्या टोकाला पोलादी चाक असले तरी जुने कारागीर त्याला अजून हिराच म्हणतात. तीन मिलिमीटर जाडीची काच स्वच्छ पुसून सपाट टेबलावर ठेवा. चाकाला रॉकेलाचा किंवा हलक्या तेलाचा थेंब लावा. पट्टी धरून एकसारख्या दाबाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच रेघ ओढा. त्याच रेघेवरून कटर पुन्हा फिरवू नका, त्याने चाकाची धार बिघडते आणि तडाही वेडावाकडा जातो. रेघ ओढल्यावर वेळ न घालवता रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून काच खाली वाकवल्यासारखी करा, ती सरळ दुभंगेल. सरावासाठी फ्रेम करणाऱ्याच्या दुकानातील उरलेल्या साध्या काचेच्या पट्ट्या घ्याव्यात. रंगीत काचेला त्यानंतरच हात लावावा.

घासणे व पट्टी लावणे : कापलेल्या कडा कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालून घासा. काच कोरडी घासू नये, तिची भुकटी श्वासाबरोबर आत जाते. मग तुकडे धुऊन वाळवा आणि सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदीची, मागे गोंद असलेली तांब्याची पट्टी प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती अशी बसवा की ती दोन्ही बाजूंना सारखी वळेल. लाकडी काडीने दाबून ती चपटी करावी.

डाख देणे : तुकडे आराखड्यावर मांडून चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे ते हलणार नाहीत. तांब्यावर फ्लक्स लावा. साठ भाग कथील व चाळीस भाग शिसे असलेला डाख सुमारे १९० अंश सेल्सियसला पूर्ण वितळतो. ऐंशी ते शंभर वॉटचे सोल्डरिंग आयर्न त्याला पुरते. प्रथम सांध्यांवर ठिपके द्या, मग रेषा भरून काढा, नंतर फलक उलटून मागची बाजू भरा. शेवटी साबणाच्या पाण्याने फ्लक्स पूर्ण धुऊन टाका, तो राहिला तर काही दिवसांत हिरवा कळंक चढतो. ह्या आराखड्यात सरळ रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. अशा रेषांवर फलक बिजागरीसारखा वाकू शकतो, म्हणून त्याला लाकडी चौकट अवश्य करावी.

मोठ्या खिडक्यांसाठी दुसरी रीत आहे. तिच्यात काचेचे तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवतात व पट्ट्यांचे सांधे डाखाने जोडतात. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे आयर्न क्षणभर जास्त टेकले तरी पट्टीच वितळून जाते. सांधे झाल्यावर खडूची पूड व जवसाचे तेल यांची लांबी फटींत चोळून भरतात, त्यामुळे पाणी व वारा आत शिरत नाही. आपल्या मंडळीच्या जुन्या मंदिरात अशा खिडक्या असतील तर उत्साहाच्या भरात त्या आम्लाने किंवा घासणीने साफ करू नयेत. जुन्या काचेवरील रंगाच्या रेषा सैल झालेल्या असल्या तर त्या पुसून जातात आणि पुन्हा येत नाहीत. आधी छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराला दाखवावे.

चित्र कशाचे करावे? परदेशी नमुन्यांच्या पुस्तकातील गुलाब व द्राक्षवेल सुंदर असतातच. पण ज्वारीचे कणीस, पाण्याची घागर, समई, झेंडू, कोळ्याचे जाळे हीही शास्त्रातील सत्ये सांगू शकतात. गोव्यात जन्मलेले व पुण्यात दीर्घकाळ राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी प्रभूची व मरियेची चित्रे भारतीय रूपात रंगवली. आपण काचेतही तसे धैर्य का करू नये?

४. धाब्याला कठडा

अनुवाद २२:८ मध्ये एक साधी दिसणारी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येणार नाही. सुरक्षितता ही देवाच्या नियमशास्त्राची बाब आहे, केवळ सोयीची नव्हे. घरच्या कार्यशाळेला हे वचन अक्षरशः लागू पडते, कारण तेथे शिसे असते.

शिसे डोळ्यांना घातक दिसत नाही, त्याला वासही येत नाही. ते शरीरात शिरते ते मुख्यतः हातावरून तोंडात आणि धुळीतून. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा परिणाम होतो. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मुळीच मानत नाही. म्हणून पुढील नियम कठड्यासारखे पाळावेत. स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम कधीही करू नये. कामाच्या जागी खाणे-पिणे नको. काम संपताच साबणाने हात व नखे धुवावीत. कामाचे कपडे निराळे ठेवावेत व निराळे धुवावेत. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. फ्लक्सच्या धुरासाठी खिडकी उघडी ठेवून वारा बाहेर जाईल असा पंखा लावावा. काच कापताना डोळ्यांवर चष्मा असावा. मुलांना त्या जागेत येऊ देऊ नये. गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांनी शिशाचे काम करू नये. त्यांना हातभार लावायचा असेल तर आराखडा काढणे, रंग निवडणे ही कामे आहेतच. तांब्याच्या पट्टीच्या कामासाठी शिसेविरहित डाखही मिळतो. तो थोडा महाग असतो व वितळायला अधिक उष्णता लागते, परंतु घरात मुले असतील तर तोच घ्यावा.

मंदिरासाठी खिडकी करताना आपल्याच लेकराच्या रक्तात विष गेले, तर त्या खिडकीला देवाचे गौरव म्हणता येईल काय? प्रीती शेजाऱ्याचे काही वाईट करत नाही असे पौल रोमकरांस लिहितो (१३:१०), आणि आपले सर्वांत जवळचे शेजारी आपल्या घरातच असतात.

५. योग्य मजुरी

आपल्या मंडळ्यांत एक रीत पडून गेली आहे. कारागीर आपलाच बंधू किंवा भगिनी असेल तर काम फुकट किंवा साहित्याच्या खर्चात व्हावे, अशी अपेक्षा असते. वेदीवरचे वस्त्र, नाताळची सजावट, लग्नाचा केक, फ्रेम, काच ही सारी कामे प्रभूसाठी म्हणून मागितली जातात. ज्याला मनापासून द्यावयाचे आहे त्याने जरूर द्यावे. निर्गम ३५ मध्ये ज्यांच्या मनाने त्यांना प्रेरणा केली त्यांनीच आणले, कोणावर सक्ती नव्हती. परंतु शेजाऱ्याकडून विनावेतन राबवून घेऊन घर बांधणाऱ्यास यिर्मया धिक्काराचे शब्द ऐकवतो (२२:१३). कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असे प्रभूनेच म्हटले (लूक १०:७). एखादी विधवा भगिनी भरतकामावर संसार चालवीत असेल आणि मंडळी तिच्याकडून वर्षानुवर्षे विनामूल्य काम घेत असेल, तर ती सेवा तिची आहे, पण दोष मंडळीचा आहे.

कारागिरानेही हिशेब ठेवण्यास संकोचू नये. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने सांगितले (लूक १४:२८). काच, पट्टी, डाख, वीज, फुटलेले तुकडे आणि कामाचे तास हे सर्व लिहून काढावे आणि त्यावरून किंमत ठरवावी. तासांची नोंद न ठेवणारा कारागीर बहुधा स्वतःलाच लुबाडत असतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साध्या काचेवर लाखेचा रंग लावून किंवा छापील रंगीत फिल्म चिकटवूनही सुंदर वस्तू होतात, परंतु त्या खऱ्या रंगीत काचेच्या म्हणून विकू नयेत. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे (नीतिसूत्रे ११:१), आणि वस्तूचे खोटे नाव हीदेखील एक खोटी तागडीच होय.

६. हत्यार खाली ठेवण्याची आज्ञा

निर्गमाचा एकतिसावा अध्याय वाचताना एक गोष्ट सहज निसटून जाते. बसालेल व अहलियाब यांना काम सोपवून झाल्यावर देव लगेच शब्बाथाची आज्ञा पुन्हा देतो (वचने १२-१७). काम निवासमंडपाचे होते, आणि त्याहून पवित्र काम कोणते असणार? तरीही सातव्या दिवशी हातोडा खाली ठेवायचा होता. कामाचे पावित्र्य हे विसाव्याला न जुमानण्याचे निमित्त होऊ शकत नाही.

ज्याची कार्यशाळा घरातच आहे त्याला ही आज्ञा विशेष लागते. कारखान्याचा भोंगा वाजतो, कार्यालयाचे दार बंद होते. घरच्या कामाला मात्र दार नसते. नाताळच्या मागण्या आल्या की डिसेंबरभर रात्री जागून काम चालते, मुलांशी बोलणे राहून जाते आणि ज्या दिवसासाठी हे सर्व केले त्या नाताळच्या सकाळी उपासनेत डोळे मिटू लागतात. म्हणून अर्धवट राहिलेल्या कामावर कापड झाकून उठण्याची सवय लावून घ्यावी. किती मागण्या घ्यावयाच्या हे नोव्हेंबरातच ठरवावे, आणि त्यापुढील मागणीला नम्रपणे नाही म्हणावे. नाही म्हणणे हेदेखील देवावर विश्वास ठेवणेच आहे.

३६ व्या अध्यायातील घटना येथे आठवते. लोक इतके आणू लागले की कारागिरांनी हातचे काम सोडून मोशेकडे येऊन सांगितले, हे गरजेपेक्षा जास्त होत आहे. मग छावणीत दवंडी पिटवून आणणे थांबवले गेले. पुरे झाले असे कारागिरांनीच म्हणावे, असा प्रसंग मंडळीच्या इतिहासात विरळाच. त्यांनी उरलेले सोने आपल्या घरी नेले नाही, की लोकांना आणखी आणा असे सांगितले नाही.

७. हे कोणासाठी?

शेवटी यापो येथील दुर्कसेच्या माडीवर जाऊ. ती मरण पावली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि दुर्कस त्यांच्याबरोबर असताना तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखवली. तिच्याविषयी कोणी भाषण केले नाही. तिच्या हातचे टाके हीच तिची साक्ष होती, आणि ती साक्ष ज्यांना दुसरे कोणी विचारत नव्हते अशा स्त्रियांच्या अंगावर होती. चोरी सोडून हातांनी काम करावे ते कशासाठी, तर गरजवंताला द्यावयास आपल्याजवळ काही असावे म्हणून, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे (४:२८).

निर्गम ३८:८ मध्ये आणखी एक लहानसा उल्लेख आहे. सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले पितळी आरसे दिले आणि बसालेलाने त्यांपासून गंगाळ घडवले. ज्यात आपले मुख पाहायचे तो धातू याजकांचे हातपाय धुण्याचे पात्र झाला. आपल्या कलेचाही हाच प्रवास व्हावा. आपले नाव, आपली वाहवा पाहण्याचा आरसा म्हणून ती आपल्या हाती आली असेल, पण ती दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी ओतली जावी. ज्या भगिनीला ही विद्या येते तिने मंडळीतील दोन मुलींना ती शिकवावी, एवढ्यानेही आरंभ होईल. बसालेलाला शिकवण्याची बुद्धी दिली होती हे विसरू नये.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत हाताने काम करणाऱ्यांना कोणता मान मिळतो? पंचकमिटीत त्यांचे स्थान काय?
२. निर्गम ३१ मधील बसालेल व ३२ मधील अहरोन यांच्या कामात आपल्याला कोणते साम्य व कोणता भेद दिसतो?
३. आपल्या घरच्या कामात कोणता कठडा बांधावयाचा राहिला आहे?
४. मंडळीने गेल्या वर्षी कोणाकडून विनामूल्य काम करून घेतले? ते स्वेच्छेचे होते काय, हे त्यांना कधी विचारले काय?
५. आपल्याला येणारी कोणती कला आपण अद्याप कोणालाही शिकवलेली नाही?

प्रार्थना

हे निर्माणकर्त्या प्रभो, तू मातीतून मनुष्य घडवलास आणि आमच्या हातांना घडवण्याची शक्ती दिलीस. आमचे हात प्रामाणिक ठेव, आमची घरे सुरक्षित ठेव. कामात आम्हांस तुझा आत्मा दे आणि काम थांबवण्याची नम्रताही दे. जे आम्ही करतो त्यातून तुझा प्रकाश दिसो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.